प्रवाळभित्तीवरील माशांच्या डिंभांचे पोहणे व प्रसार

प्रवाळभित्तीवर राहणाऱ्या बहुतेक सर्व माशांच्या जीवनचक्रात अंड्यातून बाहेर पडल्यानंतरचा काही आठवड्यांचा काळ भित्तीपासून दूर, खुल्या समुद्रात जातो. या अवस्थेतील पिलांना डिंभ असे म्हणतात. डिंभ किती अंतर जातात, कोणत्या भित्तीवर स्थिरावतात आणि हे केवळ प्रवाहावर अवलंबून असते की त्यांच्या स्वतःच्या पोहण्यावरही, हा सागरी जीवविज्ञानातील एक महत्त्वाचा अभ्यासविषय आहे. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत डिंभ हे प्रवाहाबरोबर वाहत जाणारे निष्क्रिय कण मानले जात. त्यानंतरच्या प्रयोगांनी हे मत बदलले. सागरी अभयारण्यांची जागा व आकार ठरवणे, मासेमारीचे नियमन आणि प्रवाळांची हानी झाल्यावर तेथील मत्स्यजीवन पुन्हा उभे राहण्याची शक्यता या तिन्ही बाबी या विषयाशी जोडलेल्या आहेत. महाराष्ट्रात मालवणचा किनारा व अरबी समुद्रातील आंग्रिया बँक या प्रवाळक्षेत्रांच्या संदर्भात त्याला विशेष महत्त्व आहे.

जीवनचक्र

भित्तीवरील माशांच्या जीवनाचे दोन स्पष्ट टप्पे असतात. पहिला टप्पा खुल्या पाण्यातील डिंभाचा व दुसरा भित्तीवर वास्तव्य करणाऱ्या पिलाचा आणि प्रौढाचा. प्रौढ मासे सहसा आपली भित्ती सोडत नाहीत. अनेक लहान जातींचे सारे आयुष्य काही मीटरांच्या परिसरात जाते. त्यामुळे एका भित्तीवरून दुसऱ्या भित्तीवर जाण्याची मुख्य संधी डिंभावस्थेतच मिळते.

अंडी घालण्याच्या पद्धती मुख्यतः दोन आहेत. पोपटमासे, गोब्रा किंवा हेकरू, तांबोशी व शल्यमासे यांच्या कुळांतील नर व मादी पाण्यात अंडी व शुक्राणू सोडून देतात. सुमारे १ मिमी. व्यासाची ही अंडी तरंगत प्रवाहाबरोबर दूर जातात. याउलट विदूषकमासा व त्याच्या कुळातील इतर मासे खडकाला किंवा प्रवाळाच्या मृत सांगाड्याला अंडी चिकटवतात आणि पिले बाहेर येईपर्यंत नर त्यांची राखण करतो. राखण केलेल्या अंड्यांतून निघणारे डिंभ तुलनेने मोठे व अधिक विकसित असतात. तरंगत्या अंड्यांतून निघालेल्या डिंभांचे डोळे, तोंड व पर सुरुवातीला अपुरे असतात आणि पहिले काही दिवस ते पोटाशी असलेल्या पीतकावर जगतात.

खुल्या समुद्रातील वास्तव्याच्या कालावधीला डिंभकाल म्हणतात. विदूषकमाशांचा डिंभकाल साधारणपणे १ ते २ आठवडे, त्यांच्या कुळातील अन्य अनेक जातींचा २ ते ४ आठवडे, तर शल्यमाशांचा दीड ते दोन महिने असतो. हा काळ माशाच्या कानातील कर्णाश्म या चुनखडीच्या लहान खड्यावरून मोजतात. कर्णाश्मावर दररोज एक सूक्ष्म वलय तयार होते, हे जॉर्जिओ पानेला यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले. भित्तीवर स्थिरावण्याच्या वेळी वलयांच्या रचनेत ठळक बदल होतो. त्यामुळे जन्मापासून त्या खुणेपर्यंतची वलये मोजली की डिंभकाल कळतो.

डिंभकाल संपत आला की डिंभ भित्तीकडे येतो, बहुधा रात्री आणि विशेषतः अंधाऱ्या रात्री. तळाशी उतरल्यावर थोड्याच वेळात त्याचे पारदर्शक शरीर रंग धारण करते. या संक्रमणात जीवितहानी मोठी असते. स्थिरावल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत सरासरी निम्म्याहून अधिक पिले भक्षकांच्या तोंडी पडतात.

काही मोजक्या जातींत खुल्या समुद्रातील टप्पाच नसतो. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर आढळणारा ॲकँथोक्रोमिस पॉलिॲकँथस हा मासा आपल्या पिलांना भित्तीवरच सांभाळतो. इंडोनेशियातील बांगाई बेटांजवळच्या टेरापोगॉन कॉडर्नी या जातीचा नर अंडी व पिले तोंडात बाळगतो. अशा जातींचा प्रसार अत्यंत मर्यादित राहतो व जवळजवळच्या बेटांवरील समूहही आनुवंशिक दृष्ट्या वेगळे आढळतात.

पोहण्याची क्षमता

नुकत्याच जन्मलेल्या डिंभाची लांबी २ ते ३ मिमी. असते. एवढ्या लहान जिवाला पाणी घट्ट पाकासारखे जाणवते. शेपटीचा फटकारा थांबताच त्याची गती जवळजवळ तत्काळ थांबते, कारण या आकारमानात पाण्याची श्यानता जडत्वावर मात करते. शरीर वाढते, पर पूर्ण होतात व स्नायू बळकट होतात तसतसे हे प्रमाण उलटते आणि डिंभ कमी श्रमात वेगाने पोहू लागतो. स्थिरावण्याच्या वेळी अनेक जातींची लांबी १ सेंमी.च्या आसपास असते. शल्यमाशांसारख्या जातींत ती याहून बरीच जास्त असते.

पोहण्याची क्षमता मुख्यतः तीन प्रकारे मोजतात. पहिल्या पद्धतीत डिंभाला वाहत्या पाण्याच्या नळीत ठेवून पाण्याचा वेग टप्प्याटप्प्याने वाढवतात आणि कोणत्या वेगाला तो मागे रेटला जातो हे पाहतात. ही पद्धत जे. आर. ब्रेट यांनी १९६४ मध्ये सामन माशांसाठी प्रसिद्ध केली होती. दुसऱ्या पद्धतीत पाण्याचा वेग स्थिर ठेवून डिंभ थकेपर्यंतचा वेळ मोजतात. तिसऱ्या पद्धतीत पाणबुडे डिंभाला प्रत्यक्ष समुद्रात सोडून त्याचा पाठलाग करतात व त्याचा वेग, खोली आणि दिशा नोंदवतात.

दुसऱ्या पद्धतीचा सर्वांत परिणामकारक वापर इलोना स्टोबुट्झ्की व डेव्हिड बेलवुड यांनी केला. ग्रेट बॅरियर रीफवरील लिझर्ड बेटाजवळ रात्री प्रकाशसापळे लावून त्यांनी स्थिरावण्याच्या बेतात असलेले डिंभ पकडले. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९ कुळांतील २४ जातींचे डिंभ सेकंदाला १३.५ सेंमी. वेगाच्या प्रवाहात ठेवले होते. हा वेग त्या परिसरातील प्रवाहाच्या सरासरी वेगाच्या जवळपास होता. कुळनिहाय सरासरी पाहता डिंभ ७.४ तासांपासून १९४.३ तासांपर्यंत पोहत राहिले. अंतराच्या हिशेबात हे ३.६ किमी. ते ९४.४ किमी. होते. या काळात त्यांना अन्न दिलेले नव्हते. पुढे रेबेका फिशर व बेलवुड यांनी अन्न मिळालेले डिंभ याहूनही अधिक काळ पोहू शकतात हे दाखवले.

ऑस्ट्रेलियन संग्रहालयातील जेफ्री लीस व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिसरी पद्धत विकसित केली. त्यांच्या निरीक्षणांत उत्तर डिंभावस्थेतील मासे समुद्रात सरासरी सेकंदाला सुमारे २० सेंमी. वेगाने पोहताना आढळले. शरीराच्या लांबीच्या प्रमाणात पाहिल्यास दर सेकंदाला हे अंतर दहा लांब्यांहून अधिक भरते.

मात्र हे सर्व निष्कर्ष मुख्यतः डिंभकालाच्या उत्तरार्धाला लागू पडतात. पहिल्या काही दिवसांत डिंभ जवळजवळ प्रवाहाच्याच स्वाधीन असतो. शिवाय नळीतील कमाल वेग ही शारीरिक मर्यादा आहे. समुद्रात डिंभ सतत त्या वेगाने पोहत नाही, कारण त्याला अन्नही मिळवायचे असते आणि भक्षकांपासून बचावायचेही असते.

दिशा ओळखण्याची साधने

पोहण्याचे बळ असले तरी दिशा कळत नसेल तर त्याचा उपयोग थोडाच. डिंभ एकाहून अधिक संकेतांचा वापर करतात, असे प्रयोगांतून दिसून आले आहे.

ध्वनी : जिवंत भित्ती शांत नसते. झिंग्यांच्या नांग्यांचा कडकडाट व माशांचे गुरगुरणे यांचा तेथे सतत आवाज असतो. स्टीफन सिंप्सन व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मृत प्रवाळांचे लहान ढीग रचून काहींजवळ पाण्याखालील ध्वनिक्षेपकातून भित्तीचा आवाज सोडण्यात आला. आवाज असलेल्या ढिगांवर अधिक डिंभ उतरले.

गंध : गॅब्रिएले गेर्लाख व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये वन ट्री बेटावरील माशांचे डिंभ वेगवेगळ्या भित्तींच्या पाण्यातून मूळ भित्तीच्या पाण्याकडे वळतात असे दाखवले. विदूषकमाशांच्या एका जातीचे डिंभ बेटावरील झाडांच्या पानांच्या गंधाकडेही आकर्षित होतात.

सूर्य व चुंबकत्व : काही जातींचे डिंभ दिवसा सूर्याच्या स्थितीवरून दिशा राखतात (२०१३). त्याच गटातील डिंभ रात्री पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा होकायंत्रासारखा वापर करतात, असा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

याशिवाय डिंभ खोली बदलूनही आपला मार्ग बदलू शकतात. पृष्ठभागाजवळचे पाणी व खालचे पाणी अनेकदा वेगळ्या दिशांनी वाहते. त्यामुळे काही मीटर खाली उतरणे हे कधी कधी कित्येक किलोमीटर पोहण्याइतके परिणामकारक ठरते.

प्रसाराचे मापन

खुल्या समुद्रात एका डिंभाचा जन्मापासून स्थिरावण्यापर्यंत पाठलाग करणे शक्य नसते. त्यामुळे संशोधक खूण केलेल्या अंड्यांचा किंवा आनुवंशिक नात्यांचा आधार घेतात.

जेफ्री जोन्स व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये लिझर्ड बेटाभोवती पोमासेंट्रस ॲम्बॉइनेन्सिस या माशाच्या एक कोटीहून अधिक भ्रूणांना टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाने खूण केली. या औषधाची खूण कर्णाश्मात राहते व विशिष्ट प्रकाशात चमकते. नंतर पकडलेल्या सुमारे ५,००० पिलांपैकी १५ पिलांत ती सापडली. एकूण भ्रूणांपैकी थोड्याच भ्रूणांना खूण केलेली असल्याने त्यावरून काढलेला अंदाज असा होता की, बेटावर स्थिरावणाऱ्या पिलांपैकी १५ ते ६० टक्के पिले त्याच बेटावर जन्मलेली असावीत. जन्मभित्तीवरच परत येण्याच्या या प्रकाराला स्वभरती म्हणतात. त्याच वर्षी कॅरिबियन समुद्रातील सेंट क्रॉय बेटावर स्टीफन स्वेअरर व सहकाऱ्यांनी कर्णाश्मातील रासायनिक घटकांवरून अशाच निष्कर्षाला पुष्टी दिली.

ग्लेन अल्मनी व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये पापुआ न्यू गिनीतील किंबे बेटावर मादी माशांना बेरियमच्या एका समस्थानिकाची सुई टोचली. ही खूण आईकडून पिलांच्या कर्णाश्मात उतरते. सुमारे ११ दिवसांचा डिंभकाल असलेला विदूषकमासा आणि त्याहून तिपटीहून अधिक डिंभकाल असलेला एक फुलपाखरूमासा या दोहोंतही सुमारे ६० टक्के पिले स्वतःच्या बेटावर परतली होती. केवळ डिंभकालावरून प्रसाराचे अंतर ठरवता येत नाही, असा याचा महत्त्वाचा अर्थ आहे.

याचा दुसरा भागही तितकाच खरा आहे. सर्वच पिले परत येत नाहीत. त्याच उपसागरात २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विदूषकमाशांचे काही डिंभ १५ ते ३५ किमी. अंतरावरील राखीव क्षेत्रांत पोहोचल्याचे जनुकीय पितृत्वचाचणीने सिद्ध झाले. अरबी समुद्राच्या पश्चिम बाजूस ओमानच्या किनाऱ्यावरील विदूषकमाशांत तर सुमारे ४०० किमी. प्रसार आढळला (२०१४). या दोन्ही टोकांमधील वाटणी साधारणपणे अशी असते : बहुसंख्य डिंभ जवळपास स्थिरावतात, अंतर वाढेल तशी संख्या झपाट्याने घटते, पण मोजकेच डिंभ फार दूर पोहोचतात. स्थानिक संख्या टिकून राहण्यास पहिला गट, तर उजाड भित्ती पुन्हा वसण्यास व आनुवंशिक वैविध्य राखण्यास दुसरा गट कारणीभूत ठरतो.

महाराष्ट्राचा किनारा

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर लक्षद्वीप किंवा अंदमानसारख्या विस्तृत प्रवाळभित्ती नाहीत. पावसाळ्यात नद्या व खाड्यांतून येणारा गाळ, गोडे पाणी आणि गढूळपणा यांमुळे प्रवाळांची वाढ मर्यादित राहते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवणजवळ, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील उथळ खडकाळ पाण्यात प्रवाळांच्या वसाहती आहेत. हा भाग १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात येतो. अभयारण्याचे क्षेत्र सुमारे २९ चौ. किमी. असून त्यातील गाभाक्षेत्र ३ चौ. किमी.हून थोडे अधिक आहे.

विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०५ किमी. अंतरावर आंग्रिया बँक हे समुद्रात बुडालेले पठार आहे. मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे यांचे नाव त्याला मिळाले आहे. त्याचा माथा पाण्याखाली सुमारे २० मीटर खोलीवर असून किनाऱ्याच्या गाळापासून दूर असल्याने तेथील पाणी स्वच्छ आहे व प्रवाळ चांगले वाढलेले आहेत.

या किनाऱ्यालगतचा प्रवाह वर्षातून दोनदा दिशा बदलतो. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पश्चिम किनारी प्रवाह दक्षिणेकडे, तर हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो. त्यामुळे एकाच ठिकाणी जून-जुलैत जन्मलेले व डिसेंबरमध्ये जन्मलेले डिंभ विरुद्ध दिशांना नेले जाऊ शकतात. सेकंदाला २० सेंमी. वेगाच्या प्रवाहात पूर्णतः निष्क्रिय कण २० दिवसांत सुमारे ३४५ किमी. वाहत जाईल. हे अंतर मालवण ते मुंबई या अंतराच्या जवळपास आहे. दुसऱ्या बाजूने, सेकंदाला १३.५ सेंमी. वेगाने अखंड पोहणाऱ्या डिंभाला आंग्रिया बँक ते विजयदुर्ग हे अंतर कापण्यास सुमारे ९ दिवस लागतील. हे दोन्ही हिशेब केवळ शक्यतेची मर्यादा दाखवतात, कारण प्रत्यक्षात प्रवाह, खोली, अन्न व दिशा या सर्वांचा एकत्रित परिणाम होतो. तरीही त्यांतून एवढे स्पष्ट होते की, दोन्ही क्षेत्रांचा विचार एकमेकांपासून सर्वस्वी अलग करून करता येणार नाही.

मालवणसारख्या लहान क्षेत्राच्या बाबतीत स्वभरतीचे प्रमाण निर्णायक ठरते. पुष्कळ पिले तेथेच परतत असतील तर स्थानिक संरक्षणाचे फळ तेथील मच्छीमारांना लवकर मिळेल. बहुतांश पिले बाहेरून येत असतील तर आंग्रिया बँक किंवा दक्षिणेकडील भित्तींवरील नुकसान मालवणच्या जाळ्यांतही जाणवेल. राज्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना असलेली पावसाळी मासेमारीबंदी प्रजननक्षम माशांना संरक्षण देते. मात्र बंदी संपल्यावरही जन्मलेली पिले जगण्यासाठी त्यांना स्थिरावण्याजोगी जिवंत भित्ती मिळणे आवश्यक असते.

गोड्या पाण्यातील माशांशी तुलना

विदर्भासारख्या अंतर्गत भागातील वाचकाला हा विषय नदीतील माशांच्या उदाहरणावरून अधिक स्पष्ट होईल. यवतमाळ जिल्ह्याच्या सीमांवरून वर्धा व पैनगंगा या नद्या वाहतात आणि त्यांचे पाणी प्राणहिता व गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागरास मिळते. रोहू, कटला व मृगळ हे कार्प मासे पावसाळी पुराच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतात. उबदार पाण्यात साधारण १५ ते १८ तासांत अंडी फुटतात आणि अंडी व मत्स्यजिरे प्रवाहाबरोबर खाली वाहत जातात.

येथे प्रवाहाची दिशा एकच असते. पिलांना मागे परतण्याचे बळ नसल्याने प्रौढ मासे आधीच प्रवाहाविरुद्ध वर चढून अंडी घालतात. म्हणजे भित्तीवरील माशांत जे काम डिंभ करतो, ते येथे आईवडील करतात. या मार्गात धरण आले की ही साखळी तुटते. पैनगंगेवरील इसापूर, दिग्रसजवळील अरुणावती व बाभूळगावजवळील बेंबळा यांसारख्या जलाशयांच्या स्थिर पाण्यात हे कार्प सहसा नैसर्गिकरीत्या प्रजनन करत नाहीत. म्हणून अशा जलाशयांत बाहेरून बोटुकली सोडावी लागते. त्यासाठी लागणारे मत्स्यबीज प्रेरित प्रजननाने तयार करतात. हे तंत्र हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी यशस्वी केले. प्रवाळभित्तीसाठी असा पर्याय व्यवहार्य नाही. तेथे शेकडो जातींची भरती समुद्रातूनच व्हावी लागते.

संवर्धनातील महत्त्व

राखीव क्षेत्रातील माशांचा लाभ बाहेर पोहोचतो का, हा मच्छीमारांच्या दृष्टीने कळीचा प्रश्न आहे. ग्रेट बॅरियर रीफच्या केपल बेटांवर ह्यूगो हॅरिसन व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये गोब्रा व तांबोशी यांच्या कुळांतील प्रत्येकी एका जातीची पितृत्वचाचणी केली. राखीव क्षेत्र एकूण भित्तीच्या सुमारे २८ टक्के असतानाही परिसरातील सुमारे निम्मी पिले तेथील माशांची होती आणि त्यांतील बरीच पिले मासेमारीस खुल्या भित्तींवर स्थिरावली होती. यावरून एका मोठ्या क्षेत्राऐवजी डिंभ पोहोचू शकतील एवढ्या अंतरावर अनेक राखीव क्षेत्रांची साखळी ठेवावी, असा विचार पुढे आला.

बदलते समुद्र व वादाचे मुद्दे

पाण्याचे तापमान वाढले की डिंभांची वाढ वेगाने होते व डिंभकाल आखूड होतो. त्यामुळे प्रसाराचे अंतर घटण्याची शक्यता असते. अन्नाची गरजही वाढते आणि अन्न न मिळाल्यास उपासमारीचा धोका लवकर उद्भवतो. प्रवाळ मेल्यावर भित्तीचा आवाज मंदावतो, त्यामुळे डिंभांना ती शोधणे अवघड जाते.

समुद्राच्या आम्लीकरणाविषयी मात्र मतभेद आहेत. विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे डिंभांची गंध ओळखण्याची शक्ती बिघडते, असे फिलिप मंडे व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडले आणि त्यानंतर अशा आशयाचे अनेक शोधनिबंध प्रसिद्ध झाले. टिमोथी क्लार्क व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुनर्प्रयोगांत असा मोठा परिणाम आढळला नाही. त्यामुळे या निष्कर्षांची फेरतपासणी सुरू झाली. तापमानवाढीमुळे होणारी प्रवाळांची हानी मात्र या वादापासून स्वतंत्र व निर्विवाद आहे. डिंभ कितीही समर्थपणे पोहला, तरी त्याला स्थिरावण्यासाठी जिवंत भित्ती शिल्लक असावी लागते.